हार्ड डिस्क बंद पडल्यास नोंदी कशा वाचवाव्यात?

स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदी संगणकावर असताना हार्ड डिस्क बंद पडली, तर सर्व गेले असे आपल्याला वाटते. परंतु पुष्कळदा माहिती शाबूत असते. घाईचे उपायच तिचा घात करतात.

प्रथम वायर व वीजजोडणी तपासावी. डिस्क दिसते, पण फाईल उघडत नाहीत, अशा वेळी ती फॉरमॅट करू नये, तिच्यावर नवे काही साठवू नये. दुसऱ्या संगणकाला जोडून तिची संपूर्ण प्रत काढावी व शोध त्या प्रतीतच घ्यावा.

‘टक् टक्’ आवाज आल्यास वीज तत्काळ बंद करावी. आतील हेड चकतीला घासल्यास तेथील माहिती कायमची जाते. अशी डिस्क केवळ धूळविरहित प्रयोगशाळेतच उघडावी. त्यासाठी वाशिम, कारंजा किंवा रिसोडहून ती मोठ्या शहरी पाठवावी लागते व खर्चही बराच येतो.

१९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ५३५ नुसार नोंदवह्या सांभाळणे हे प्रत्येक धर्मग्रामाचे कर्तव्य आहे. विवाहाच्या वेळी स्नानसंस्काराचा दाखला त्यांतूनच मिळतो. म्हणून कागदी नोंदवही चालू ठेवावी आणि संगणकीय नोंदींच्या दोन प्रती काढून एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी, अशी आमची विनंती आहे.