विश्लेषण : ग्रँड विटारा की हायरायडर? जुळ्या एसयूव्हींमध्ये निवड नेमकी कशाच्या आधारे करायची?

सकाळी नेक्सा शोरूममध्ये मारुती सुझुकी ग्रँड विटाराची टेस्ट ड्राइव्ह, दुपारी टोयोटाच्या शोरूममध्ये अर्बन क्रूझर हायरायडरची आणि रात्री जेवणानंतर दोन्ही कोटेशन समोर ठेवून घरात चर्चा. कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेण्याच्या तयारीत असलेल्या अनेक कुटुंबांत हे चित्र दिसते. एकाला मारुतीचा भरवसा असतो, दुसऱ्याला टोयोटाचा लोगो हवा असतो. मात्र ज्या प्रश्नावर आठवडे खर्ची पडतात, त्यामुळे खिशावर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो इंजिनाच्या निवडीने, आणि तो निर्णय अनेकदा सेल्समनसमोर पाच मिनिटांत उरकला जातो.

दोन्ही गाड्या खरेच एकसारख्या आहेत का?

जवळपास हो. टोयोटा आणि सुझुकी यांच्यातील भागीदारीतून भारतात आधी बलेनोवर आधारित ग्लान्झा (२०१९) आणि नंतर ब्रेझावर आधारित अर्बन क्रूझर (२०२०) आली. त्या वेळी मारुतीच्या तयार गाडीवर टोयोटाचा लोगो लागला होता. २०२२ मध्ये आलेल्या या जोडीची गोष्ट थोडी वेगळी. ढाचा सुझुकीचा, स्ट्राँग हायब्रिड तंत्रज्ञान टोयोटाचे, आणि दोन्ही गाड्यांचे उत्पादन सुरू झाले ते कर्नाटकातील बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात.

व्हीलबेस दोन्हींचा २,६०० मिलिमीटर. लांबी ग्रँड विटाराची ४,३४५ आणि हायरायडरची ४,३६५ मिलिमीटर. हा दोन सेंटिमीटरचा फरक बंपरच्या आकारामुळे आहे, आतल्या जागेचा त्याच्याशी संबंध नाही. समोरचा चेहरा, दिव्यांची रचना आणि आतील रंगसंगती वेगळी असली तरी इंजिने तीच आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये इंधन पातळी दाखवणाऱ्या काट्यातील संभाव्य दोषामुळे मारुतीने ३९,५०६ ग्रँड विटारा परत बोलावल्या. पाठोपाठ टोयोटाने त्याच कारणासाठी ११,५२९ हायरायडर परत बोलावल्या. ‘टोयोटाची म्हणजे जास्त मजबूत’ हा युक्तिवाद या जोडीपुरता तरी टिकत नाही.

मग खरी निवड कोणती?

माइल्ड हायब्रिड की स्ट्राँग हायब्रिड, ही. दोन्ही नावांत ‘हायब्रिड’ असल्याने ग्राहकांचा गोंधळ होतो. माइल्ड हायब्रिडमध्ये १,४६२ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असते आणि त्याच्या जोडीला असलेली छोटी मोटर गाडी उचलताना थोडा हातभार लावते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. व्यवहारात ही पेट्रोल गाडीच समजावी.

स्ट्राँग हायब्रिडचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. तीन सिलिंडरच्या १,४९० सीसी इंजिनाबरोबर सुमारे ८० पीएसची इलेक्ट्रिक मोटर असते. सिग्नलला इंजिन बंद, वाहतूक कोंडीत हळूहळू सरकताना बहुतांश वेळ मोटर, आणि ब्रेक लावताना एरवी वाया जाणारी ऊर्जा पुन्हा बॅटरीत. बाहेरून चार्जिंग लागत नाही. त्यामुळे शहरात, जिथे साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज कोसळते, तिथेच ही गाडी सर्वाधिक बचत करते. द्रुतगती मार्गावर एकसारख्या शंभरच्या वेगात मात्र बरेचसे काम इंजिनच करते आणि फायदा आक्रसतो.

हायब्रिडचे जास्तीचे पैसे कधी वसूल होतात?

कंपनीच्या आकड्यांनुसार माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकचे मायलेज २०.५८ आणि स्ट्राँग हायब्रिडचे २७.९७ किलोमीटर प्रतिलिटर. रस्त्यावर दोन्ही आकडे कमी होतात. हिशेबासाठी शहरातील वापरात १५ आणि २२ धरू. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले तर पहिल्या गाडीचा इंधनखर्च किलोमीटरला सुमारे ६.९० आणि दुसरीचा ४.७० रुपये येतो. बचत किलोमीटरमागे साधारण २ रुपये २० पैसे.

आता किंमत. दोन व्हेरियंटमधील एक्स-शोरूम फरक अडीच लाख रुपये आहे असे समजू. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहन कर लागतो, म्हणजे फरक झाला २ लाख ८० हजार. विम्याचा वाढीव हप्ता वेगळा. ही रक्कम ९ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात घेतली तर ईएमआय सुमारे ४,५०० रुपयांनी वाढतो.

महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पेट्रोल वाचते २,२०० रुपयांचे. म्हणजे दरमहा २,३०० रुपये पदरचेच जातात. रोज हिंजवडी किंवा ठाणे-अंधेरीसारखा प्रवास करून महिन्याला अडीच हजार किलोमीटर गाठणाऱ्याचे ५,५०० रुपये वाचतात आणि गाडी पहिल्या महिन्यापासून हजार रुपये मिळवून देते. या गृहीतकांनुसार सीमारेषा महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या आसपास येते. आपल्या कोटेशनमधील आकडे टाकून हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येते. टेस्ट ड्राइव्हपूर्वी केलेले बरे, कारण एकदा ती शांतता अनुभवली की गणित मागे पडते. अर्थात शांततेसाठी पैसे मोजायलाही हरकत नाही, फक्त त्याला ‘बचत’ म्हणू नये.

आणखी एक तडजोड डिकीची. हायब्रिड बॅटरी मागे बसवल्याने सामानाची जागा लक्षणीय कमी होते. गणपतीला चौघांचे सामान घेऊन कोकणात जाणाऱ्यांनी घरची मोठी बॅग शोरूममध्ये नेऊन ठेवून पाहावी. सेल्समन हसेल, हसू द्यावे.

लोगोचा प्रश्न शेवटी कुठे येतो?

इंजिन ठरल्यावर. पूर्वी टोयोटाची तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी हा मोठा मुद्दा होता. जुलै २०२४ पासून मारुतीनेही तेवढीच वॉरंटी सुरू केली. हायब्रिड बॅटरीला दोन्हीकडे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. २०२५ मध्ये दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सर्व व्हेरियंटमध्ये आल्या.

उरते सर्व्हिसचे जाळे, आणि त्यात मारुती देशात सर्वांत पुढे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. वीस मिनिटांवर टोयोटाचे चांगले वर्कशॉप असेल तर तो आपोआप निकाली निघतो. दोन्ही कंपन्या फीचर्सची विभागणी वेगवेगळ्या व्हेरियंटमध्ये करतात. उदाहरणार्थ, हायरायडरमध्ये स्ट्राँग हायब्रिड आधीपासून खालच्या ‘एस’ व्हेरियंटमध्ये मिळत होती. ग्रँड विटारात त्यासाठी सुरुवातीला ‘झीटा प्लस’पर्यंत जावे लागे, ‘डेल्टा प्लस’ २०२५ मध्ये आली. त्यामुळे नावाला नाव न लावता फीचर्सची यादी शेजारी ठेवून पाहावी. प्रतीक्षा कालावधी आणि सवलत शहरागणिक बदलतात, तेव्हा दोन्हीकडून लेखी कोटेशन घेतलेले बरे. समोरच्याचे कोटेशन हातात असले की घासाघीस सोपी जाते.

नव्या जीएसटीचा फायदा मिळतो का?

छोट्या गाड्यांइतका नाही. १८ टक्क्यांचा दर पेट्रोल गाड्यांमध्ये चार मीटरपर्यंत लांबी आणि १,२०० सीसीपर्यंत इंजिन असेल तरच लागू होतो. या दोन्ही गाड्यांना ‘कॉम्पॅक्ट’ म्हटले जात असले तरी कराच्या लेखी त्या मोठ्याच. त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांना ४० टक्के जीएसटी आहे. आधी उपकरासह माइल्ड हायब्रिडवर ४५ आणि स्ट्राँग हायब्रिडवर ४३ टक्के कर होता. म्हणजे करातील हायब्रिडची दोन टक्क्यांची आघाडीही संपली.

सीएनजीचे काय?

माइल्ड हायब्रिडसाठी वापरले जाणारे १,४६२ सीसीचे इंजिन दोन्ही ब्रँडमध्ये सीएनजीवरही मिळते. प्रमाणित मायलेज किलोला सुमारे २६.६ किलोमीटर. इंधनखर्चात हा पर्याय हायब्रिडशी टक्कर देतो आणि खरेदीची किंमत कमी राहते. मात्र डिकीचा बहुतांश भाग सिलिंडर घेतो. ज्यांना तेच खटकते त्यांनी मारुतीच्या एरिना शोरूममध्येही डोकावावे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली व्हिक्टोरिस याच कुटुंबातील आहे आणि तिच्या सीएनजी व्हेरियंटमध्ये टाकी गाडीच्या तळाशी बसवल्याने डिकी मोकळी राहते.