घरखर्चाची उचल आणि दुकानाचे भांडवल

दुकानाच्या गल्ल्यातून घरखर्चासाठी पैसे घेण्यात गैर काहीच नाही. नफा मालकाचा आणि त्यावरच त्याचे घर चालते. चूक होते ती नोंदीत. भाजीचे दोनशे, मुलाच्या शिकवणीचे तीन हजार, लग्नातील आहेराचे पाच हजार असे पैसे गल्ल्यातून जात राहतात आणि ‘धंदा तर चांगला झाला, मग पैसा गेला कुठे?’ हा प्रश्न वर्षअखेरीस उभा राहतो.

हिशेबशास्त्राच्या दृष्टीने व्यवसाय व त्याचा मालक हे दोन स्वतंत्र घटक होत. मालकाने घातलेले भांडवल हे व्यवसायाचे मालकाला देणे असते. खासगी कारणासाठी मालक जे काढून घेतो, त्याला ‘उचल’ म्हणतात. उचलीने हे देणे कमी होते. ती व्यवसायाचा खर्च नसल्याने नफा-तोटा पत्रकात तिला स्थान नाही.

रोख घेतल्यास उचल खाते नावे व रोख खाते जमा करावे. दुकानातील माल घरी नेल्यास उचल खाते नावे व खरेदी खाते जमा, आणि तेही खरेदीच्या भावाने. अशा मालावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर ते परत करावे लागते. मालकाचा आयुर्विम्याचा हप्ता, घराचे वीजबिल, मुलांची फी, इतकेच काय, त्याचा स्वतःचा प्राप्तिकरदेखील दुकानाच्या खात्यातून भरल्यास ती उचलच ठरते. वर्षअखेरीस उचल खात्याची बाकी भांडवल खात्यात वर्ग होते.

समजा, एका किराणा व्यापाऱ्याचे वर्षारंभीचे भांडवल २० लाख रुपये आहे. वर्षात नफा ९ लाख झाला आणि उचल १२ लाख. वर्षअखेरीस भांडवल १७ लाख उरले. दुकानातील माल आणि गिऱ्हाइकांकडील उधारी पूर्वीइतकीच असेल, तर ही तीन लाखांची तूट बहुधा कॅश क्रेडिट खात्यातून किंवा घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकवून भरली जाते. म्हणजे घरखर्चाचा काही भाग कर्जाच्या पैशावर चालतो. त्या कर्जावरील व्याजाची वजावट प्राप्तिकर अधिकारी नाकारू शकतो. कर्जमर्यादेच्या नूतनीकरणाच्या वेळी बँकही विचारते, की नफा असताना भांडवल का घटले?

उचल फार कमी दाखवणेही धोक्याचे. पाच माणसांच्या कुटुंबाची वर्षाची उचल साठ हजार रुपये दिसली आणि घरात दुसरे उत्पन्न नसले, तर बाकीचा खर्च कोठून झाला, हे विचारले जाणारच.

भागीदारीत हा विषय अधिक नाजूक होतो. दोन भाऊ समभागीदार आहेत. एकाच्या मुलीच्या लग्नाचा आठ लाखांचा खर्च दुकानाच्या खर्चात टाकला, तर नफा आठ लाखांनी घटतो आणि नकळत दुसऱ्या भावाच्या पदरचे चार लाख जातात. तो खर्च पहिल्याच्या उचल खात्यावर लिहिला, तर ज्याचे त्याच्या नावे राहते. थोरल्याने मनाने काही द्यायचे ठरवले, तर तेही त्याच्या नावे स्वच्छ लिहिता येते. नात्यांत कटुता येते ती बहुधा न लिहिलेल्या रकमांमुळेच.

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ नुसार करारात तसे ठरले नसेल, तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही. म्हणून मोबदला, उचलीची मर्यादा आणि उचलीवरील व्याज या तिन्ही बाबी करारपत्रात लिहाव्यात. दरमहा १०,००० रुपये महिन्याच्या मध्यास उचलल्यास वर्षाची उचल १,२०,००० होते. द.सा.द.शे. १२ दराने तिच्यावर सरासरी सहा महिन्यांचे ७,२०० रुपये व्याज येते. जास्त उचलणारा व कमी उचलणारा यांच्यात यामुळे समतोल राहतो.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मात्र उचल हा प्रकारच नाही. संचालकाने वेतन घ्यावे, भागधारकाने लाभांश. कंपनीचा पैसा मोठ्या भागधारकाने कर्ज म्हणून घेतल्यास प्राप्तिकर कायदा त्याला लाभांश मानू शकतो.

यावर साधा उपाय आहे. गेल्या वर्षाच्या नफ्यातून कर आणि धंद्याच्या वाढीसाठीची रक्कम बाजूला काढावी व उरलेल्यातून घराची मासिक रक्कम ठरवावी. ती ठरलेल्या तारखेला दुकानाच्या चालू खात्यातून घराच्या बचत खात्यात वर्ग करावी. त्यानंतर गल्ल्याला हात लावायची वेळ आलीच, तर त्याच दिवशी कीर्दीत एक ओळ लिहावी. मालकाची उचल रोजच्या रोज लिहिली गेली, की नोकरांनाही हिशेबाची शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.