विश्लेषण : स्पोर्ट्स कारला पुढे एका आणि मागे दुसऱ्या मॉडेलचे टायर लावले तर काय होते?

मागचे टायर झिजले, पुढचे अजून ठणठणीत आहेत आणि जुने मॉडेल बाजारात मिळत नाही. अशा वेळी ‘मागे दुसरे टाकून घेऊ’ हा सोपा तोडगा निघतो. कोरड्या रस्त्यावर तो खपूनही जातो. पहिल्या पावसात किंवा थंडीतल्या पहाटे मात्र तीच गाडी वेगळी वागू लागते. असे का होते?

प्रश्न मुळात येतो कुठून?

साध्या हॅचबॅकला चारही टायर एकाच मापाचे असतात. काही हजार किलोमीटरनंतर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले की झीज सारखी होते आणि चारही टायर साधारण एकाच वेळी बदलायला येतात. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ही सोय नसते. ‘९९२’ पिढीच्या पोर्शे ९११ कॅरेराचे उदाहरण घेऊ. तिच्या पुढच्या टायरचे माप २३५/४० आर १९ आणि मागच्याचे २९५/३५ आर २० आहे. म्हणजे मागचा टायर ६० मिलिमीटरने अधिक रुंद आणि रिमही एक इंचाने मोठे. त्यामुळे अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही. इंजिन मागे असल्याने गाडीचे सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असते आणि इंजिनाची ताकदही मागूनच रस्त्यावर उतरते. साहजिकच मागचे टायर बरेच आधी झिजतात.

तोपर्यंत कंपनीने मॉडेल बदललेले असू शकते. मिशेलिनचा ‘पायलट सुपर स्पोर्ट’ २०११ मध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याची जागा ‘पायलट स्पोर्ट ४ एस’ने घेतली. भारतात आणखी एक अडचण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ गटातून काढून ‘निर्बंधित’ गटात टाकली, म्हणजे आयातीसाठी परवाना आवश्यक झाला. देशात न बनणाऱ्या मापाचे टायर हवे असणाऱ्या मालकांना याचा फटका बसला. मुंबई-पुण्यातल्या मालकाने ‘जे मिळेल ते’ घेतले, तर त्याला सरसकट हौस किंवा कंजुषी म्हणता येणार नाही.

माप तेच असेल, तर मॉडेलने काय फरक पडतो?

टायरच्या बाजूवर छापलेले माप फक्त रुंदी, उंची आणि रिमचा व्यास सांगते. टायर कसा वागेल, हे मात्र इतर तीन गोष्टींवर ठरते. रबराचे मिश्रण कोणते, आतल्या तारांची आणि धाग्यांची बांधणी किती ताठ आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा किती व कशा. या तिन्ही गोष्टी मॉडेलगणिक बदलतात.

गंमत म्हणजे एकाच नावाचे दोन टायरही सारखे असतीलच असे नाही. पोर्शेसाठी तयार केलेल्या टायरवर ‘एन ०’, ‘एन १’ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरवर तारा आणि मर्सिडीजसाठीच्या टायरवर ‘एमओ’. त्या त्या गाडीसाठी रबर किंवा बांधणी बदललेली असते. नाव आणि माप जुळले, पण खूण जुळली नाही, तर तो एका अर्थाने वेगळाच टायर ठरतो. दुकानात हा तपशील बहुतेकदा विचारलाही जात नाही.

होंडाच्या ‘एस २०००’चे उदाहरण बोलके आहे. १९९९ मध्ये आलेल्या या गाडीला ब्रिजस्टोनचे ‘पोटेंझा एस-०२’ टायर होते. पकड उत्तम, पण मर्यादा ओलांडली की मागचा भाग अचानक सुटतो, अशी गाडीची ख्याती झाली. २००४ च्या मॉडेलमध्ये होंडाने चाके १६ वरून १७ इंचांची केली आणि टायरचे मॉडेल बदलले. पण तेवढ्यावर न थांबता सस्पेन्शनची जुळणीही नव्याने केली. टायर बदलला की बाकीची गाडीही त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते, हे कंपनीला पक्के ठाऊक होते.

आधी कोण सुटते, यावर सारे अवलंबून

टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतो. वळणावर तिथले रबर पिळले जाते. त्यामुळे चाक ज्या दिशेला रोखलेले असते आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जाते, त्यात थोडा कोन पडतो. याला ‘स्लिप अँगल’ म्हणतात. कोन वाढतो तशी पकड एका टोकापर्यंत वाढते आणि मग ओसरते. कुठला टायर त्या टोकाला लवकर पोहोचतो, कुठला उशिरा. कुठला हळूहळू सुटतो, तर कुठला एकदम.

पुढच्या टायरची पकड आधी संपली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. हा अंडरस्टिअर. घाबरलेला चालक ॲक्सिलरेटर सोडतो, वजन पुढच्या चाकांवर येते आणि गाडी पुन्हा वळू लागते. माणसाची सहज प्रतिक्रिया इथे उपयोगी पडते. मागच्या टायरची पकड आधी संपली, तर शेपटी बाहेर फेकली जाते. हा ओव्हरस्टिअर. इथेही चालक पाय उचलतो, पण वजन पुढे सरकल्यामुळे मागची चाके आणखी हलकी होतात आणि गिरकी पक्की होते. इथे सहज प्रतिक्रियाच घात करते. ९११ सारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीत तर सुटलेली शेपटी जड असते आणि सहज आवरत नाही.

म्हणूनच दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा, असा टायर उद्योगाचा जगभर सल्ला असतो. तो पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांनाही लागू आहे, हे अनेकांना पटत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. धोका कमी पकडीत असतो त्यापेक्षा पुढच्या-मागच्या पकडीतल्या तफावतीत जास्त असतो. टोयोटाने २०१२ च्या ‘जीटी ८६’ला चारही बाजूंना ‘प्रायमसी एचपी’ हे साध्या प्रवासी गाड्यांचे टायर दिले होते. पकड मुद्दाम बेताची ठेवली होती, पण पुढे-मागे सारखी. त्यामुळे गाडी घसरताना चालकाला आधी अंदाज येई आणि तिला सावरता येई.

मागे अधिक चिकट टायर लावले की झाले?

वरच्या हिशेबाने हेच उत्तर निघते आणि अनेक जण इथेच फसतात. टायरची ‘पकड’ हा एकच ठरलेला आकडा नसतो. तापमान आणि पाण्यानुसार ती बदलते आणि प्रत्येक मॉडेलची वेगळ्या रीतीने बदलते.

समजा, पुढे ‘पायलट स्पोर्ट ४ एस’ आहेत आणि मागे त्याच कंपनीचे ट्रॅककडे झुकणारे ‘पायलट स्पोर्ट कप २’. दोन्ही नामांकित, दोन्ही रस्त्यावर चालवायला वैध. झिजेच्या अमेरिकी मानांकनात पहिल्याचा आकडा ३०० आणि दुसऱ्याचा १८० आहे. म्हणजे ‘कप २’ लवकर झिजतो. उन्हाळ्याच्या दुपारी, तापलेल्या डांबरावर मागची पकड भरपूर असते. गाडी रुळावरून चालल्यासारखी वाटते आणि चालकाचा विश्वास वाढतो.

आता तीच गाडी जुलैत घाटात आणा. ‘कप २’चे रबर ऊब मिळाल्यावर खुलते आणि खाचा कमी असल्याने साचलेले पाणी बाहेर टाकण्याची त्याची क्षमता मर्यादित असते. त्यातून मागचे टायर रुंद. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगू लागतो. पुढची चाके वाटेतले पाणी काही प्रमाणात बाजूला सारतात, पण मागचा टायर त्यांच्यापेक्षा रुंद असल्याने त्याच्या वाट्याला न सारलेले पाणीही येते. इकडे पुढचे ‘४ एस’ मात्र ओल्या रस्त्यावरही चांगले काम करतात. म्हणजे कोरड्यात जी जोडी अंडरस्टिअरकडे झुकलेली, म्हणून सुरक्षित होती, तीच पावसात ओव्हरस्टिअरची झाली. चालकाने मात्र गाडीची ओळख कोरड्यात करून घेतलेली असते.

उलटी जोडी लावली तर? पुढे ‘कप २’ आणि मागे ‘४ एस’ असतील, तर कोरड्यातच शेपटी हलकी पडेल आणि साचलेल्या पाण्यात नाक आधी तरंगेल. चारही टायर एकाच मॉडेलचे असले, तर पावसात एकूण पकड घटते, पण पुढची आणि मागची बरोबरीने घटते.

थंड देशांत हाच प्रकार हिवाळी टायरबाबत दिसतो. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर ताठरते. पुढची चाकेच गाडी ओढतात म्हणून हिवाळी टायर फक्त पुढे लावले, तर बर्फात गाडी निघते छान, पण वळणावर मागची बाजू पुढे यायला बघते.

ताठपणातला फरक आणखी वेगळा. पुढच्या टायरची बाजूची भिंत ताठ आणि मागच्याची मऊ असेल, तर स्टिअरिंग फिरवताच नाक वळते आणि शेपटी क्षणभराने मागोमाग येते. गाडी दोन हप्त्यांत वळल्यासारखी वाटते. संथ वेगात हे कळतही नाही. महामार्गावर अचानक लेन बदलावी लागली, की जाणवते.

इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेणार नाही का?

बऱ्याच अंशी घेते. १९९५ मध्ये मर्सिडीज आणि बॉश यांनी रस्त्यावर आणलेली ‘ईएससी’ म्हणजे स्थिरता नियंत्रण प्रणाली स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचे प्रत्यक्ष फिरणे यांची सतत तुलना करते आणि गरजेप्रमाणे एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. पण हा ब्रेकही शेवटी त्याच टायरच्या पकडीवर काम करतो. नसलेली पकड ही प्रणाली निर्माण करू शकत नाही. शिवाय तिची आखणी ठरावीक टायर गृहीत धरून झालेली असते. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा वरचेवर लुकलुकत असेल, तर जोडी बिनसल्याची ती सूचना असू शकते.

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत तर खिशालाही चाट बसते. निसान जीटी-आरला पुढे २५५/४० आर २० आणि मागे २८५/३५ आर २० टायर असतात. मापावरून हिशेब केला तर व्यास अनुक्रमे ७१२ आणि ७०७.५ मिमी येतो. हे गुणोत्तर ठरवून ठेवलेले आहे. एका बाजूला ८ मिमी खोल खाचांचे नवे टायर आणि दुसऱ्या बाजूला २ मिमी उरलेले जुने असतील, तर एवढ्यानेच व्यासात १२ मिमीचा म्हणजे सुमारे १.७ टक्के फरक पडतो. एकाच मापाच्या दोन मॉडेलांच्या प्रत्यक्ष व्यासातही फरक असू शकतो. पुढची-मागची चाके सतत वेगवेगळ्या गतीने फिरत राहिली, तर ताकद वाटून देणारा क्लच सरळ रस्त्यावरही घासत आणि तापत राहतो. तो बदलण्याच्या खर्चापुढे चार टायर स्वस्त पडतात.

कंपन्या आणि कायदा काय म्हणतात?

पोर्शेची भूमिका कडक आहे. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच ‘एन’ खुणेचे हवेत. एकाच ॲक्सलवरच्या दोन टायरच्या खाचांच्या खोलीत ३० टक्क्यांहून अधिक फरक नको.

कायदे तुलनेने सैल आहेत. ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय टायर लावण्यास मनाई आहे, पण दोन वेगवेगळ्या मॉडेलचे रेडियल चालतात. भारतात मोटारीच्या टायरला किमान १.६ मिमी खोल खाचा असाव्या लागतात. स्पोर्ट्स कारच्या रुंद टायरसाठी पावसाळ्यात हा आकडा अपुरा आहे.

ट्रॅकवर जाणारे काही चालक मुद्दाम वेगळे टायर लावतात, हेही खरे. नाक जड वाटणाऱ्या गाडीला पुढे चिकट टायर लावले की ती चपळ होते. पण तिथे समोरून ट्रक येत नाही, गाडी घसरलीच तर मोकळी जागा असते आणि चालक त्या घसरण्याची वाटच पाहत असतो.

मिसळण्यावाचून गत्यंतरच नसेल तर?

एकाच ॲक्सलवरचे दोन्ही टायर हुबेहूब सारखे असावेत, यात तडजोड नाही. पुढचे आणि मागचे टायर निदान एकाच जातकुळीचे निवडावेत. म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स टायरबरोबर तशाच प्रकारचा टायर, ट्रॅकचा नव्हे. ओल्या रस्त्यावर ज्याची कामगिरी चांगली, तो मागे. आणि उरलेले दोन टायर झिजले की तेव्हा चारही बाजू एकसारख्या करून घ्याव्यात.

टायरचे वयही पाहायला हवे, कारण जुने रबर कडक होते आणि मॉडेल तेच असूनही नव्या-जुन्याची जोडी बिनसते. बाजूवरच्या ‘डॉट’ क्रमांकातले शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३५२१’ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. हॉलिवूड अभिनेता पॉल वॉकरचा मृत्यू झाला, त्या २०१३ च्या अपघातातील पोर्शे कॅरेरा जीटीचे टायर नऊ वर्षे जुने होते. तपास यंत्रणेने अपघाताचे कारण अतिवेग असे नोंदवले, मात्र टायरच्या वयाचा गाडीच्या नियंत्रणावर परिणाम झाला असावा, असेही म्हटले होते.

राहिला हवेचा दाब. १९६० मध्ये आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर या मागे इंजिन असलेल्या अमेरिकी गाडीला थंड टायरमध्ये पुढे फक्त १५ आणि मागे २६ पीएसआय दाब सांगितला होता. गाडीचा तोल बऱ्याच अंशी या फरकावर उभा होता आणि राल्फ नेडर यांनी १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात त्यावर टीका केली होती. आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये फरक इतका टोकाचा नसला, तरी पुढचा आणि मागचा दाब अनेकदा वेगळा असतो. तो चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. टायर थंड असताना त्याप्रमाणेच हवा भरावी. पंपावरच्या मुलाला ‘सगळ्यांत पस्तीस टाक’ म्हणून मोकळे झाले, तर जुळवलेल्या टायरचा तोलही पुन्हा बिघडतो.