वजन १४० किलो, गॅस फक्त १ लिटर!

बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी सर्जनचं नाव! कुणाकडे केली, किती किलो उतरले, आधीचा फोटो दाखव, नंतरचा दाखव... पण ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या डोक्याशी बसून त्याचा एकेक श्वास मोजणाऱ्या माणसाबद्दल कुणी काही विचारतं? भूलतज्ज्ञ म्हणजे एक इंजेक्शन टोचून चहा प्यायला जाणारे डॉक्टर, असा आपल्याकडे पक्का समज. आणि गंमत बघा, ऑपरेशनला निघालेल्यांना सुरीची भीती फारशी नसतेच. सगळी भीती असते ती भुलेची. 'मी परत उठेन ना?'

त्यात वजन १४० किलो असेल तर विचारूच नका. एवढ्या मोठ्या देहाला ढीगभर भूल लागणार आणि ती उतरायलाही ढीगभर वेळ लागणार, असं साधं-सरळ गणित नातेवाईक मांडून मोकळे होतात. हे गणित चुकीचं आहे. कसं, ते बघायला मी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एक सकाळ काढली. डॉक्टरांची परवानगी होती, पेशंटची संमती होती, नावं छापायची नाहीत ही अट होती.

पेशंट ३१ वर्षांची, बँकेत नोकरी करणारी. बीएमआय ५२. आपल्याकडे आरोग्य विम्याच्या नियमांत या सर्जरीसाठी बीएमआय ४० लागतो, आणि मधुमेह आटोक्यात नसेल किंवा गंभीर स्लीप अॅप्निया वगैरे असेल तर ३५. म्हणजे ती नियमात आरामात बसत होती. ऑपरेशन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्याची केळ्याच्या आकाराची नळी करायची.

घोरतेस का गं?

खरी सुरुवात आठवडाभर आधीच झाली होती, भुलेपूर्वीच्या तपासणीत. भूलतज्ज्ञ मॅडमनी पहिला प्रश्न टाकला, "घोरतेस का गं?" ती लाजली. उत्तर आईनेच दिलं, "अहो, शेजारच्या खोलीत ऐकू येतं! मधेच श्वास थांबतो, मग दचकून उठते." ऐकून हसू येतं खरं, पण मॅडम हसल्या नाहीत. टेप घेऊन त्यांनी गळ्याचा घेर मोजला. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची एक यादी आहे, टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली. घोरणं, दिवसा पेंग येणं, झोपेत श्वास अडकणं, ब्लडप्रेशर, बीएमआय, वय, गळा, लिंग. एवढ्यावरून स्लीप अॅप्नियाचा अंदाज येतो. भूल दिल्यावर घसा सैल पडतो, आणि ज्याचा श्वास रोज रात्री आपणहून अडकतो त्याच्या बाबतीत हा अंदाज आधीच असलेला बरा.

दुसरा प्रश्न आजच्या काळातला. वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे का? २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही आपल्याकडे आली आणि ऑफिसातल्या लंच टेबलावर त्यांची चर्चा सुरू झाली. ही औषधं पोट हळू रिकामं करतात. रात्रीपासून उपाशी असलेल्या माणसाच्या जठरातही अन्न सापडू शकतं, आणि भूल चढताना ते वर येऊन फुफ्फुसात गेलं तर प्रकरण जिवावर बेततं. कितीतरी जण ही गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवतात. का लपवतात कुणास ठाऊक!

तीन मिनिटांचा खेळ

थिएटरमध्ये तिला आडवं झोपवलंच नाही. खांद्याखाली, मानेखाली, डोक्याखाली उतरती चळत रचून अर्धवट बसवलं. कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचा वरचा खळगा एका आडव्या रेषेत यायला हवा, हा फंडा. सपाट झोपवलं की पोटाचा भार पडद्यावर येतो, फुफ्फुसं दबतात आणि त्यातला हवेचा साठा आणखी आटतो.

तो साठा म्हणजेच सगळं काही. स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. नळी घशात जाईपर्यंत आधी भरून ठेवलेल्या ऑक्सिजनवरच भागवायचं असतं. नेहमीच्या वजनाच्या निरोगी माणसाला हा साठा साधारण सहा ते आठ मिनिटं पुरतो. अतिस्थूल पेशंटला? अडीच-तीन मिनिटं! म्हणून तोंडावर घट्ट मास्क लावून आधी भरपूर ऑक्सिजन. ती डोळे मिटून श्वास घेत होती, मॅडम कानाशी बोलत होत्या, आणि मी मात्र श्वास रोखून घड्याळाकडे बघत होते. नळी एका मिनिटाच्या आत गेली. मॉनिटरवरचा आकडा ९९ वरून हलला नाही.

यानंतर आमची लो-फ्लोची गोष्ट सुरू होते.

शाळेतला चुना आठवतोय?

शाळेत तो प्रयोग केला असेलच. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ होते, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुना पकडून ठेवतो. भुलेच्या मशीनला लावलेल्या पारदर्शक डब्यात हाच चुना असतो. पानाला लावतो तोच मुख्य घटक, खडे करून भरलेला. नाव सोडा लाइम. पेशंटने सोडलेली हवा या डब्यातून जाते, कार्बन डायऑक्साइड तिथे अडकतो आणि उरलेला ऑक्सिजन व भुलेचा गॅस पुन्हा पेशंटकडे जातो. चुना दमला की खड्यांचा रंग बदलतो. म्हणजे हे एक प्रकारचं रिसायकलिंगच की!

आता विचार करा. पेशंट शंभर भाग भुलेचा गॅस आत घेतो, त्यातला बराचसा तसाच बाहेर टाकतो. तो धुऊन परत वापरता येत असेल तर मिनिटाला पाच-सहा लिटर ताजा गॅस सोडायचा कशाला? तो पाइपातून बाहेर हवेतच जाणार, आणि ती सोय नसेल तर थिएटरमधल्या स्टाफच्या नाकात. पहिली आठ-दहा मिनिटं जास्त फ्लो ठेवून शरीर आणि नळ्या गॅसने भरून घ्यायच्या, मग फ्लो मिनिटाला १ लिटरवर आणायचा. हीच लो-फ्लो भूल. कल्पना जुनी आहे. १९५२ मध्ये फोल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ लिटरची पद्धत मांडली, १९७४ मध्ये व्हर्च्यू यांनी ती अर्ध्या लिटरवर नेली.

पैशाचं गणितही ऐका. भूलतज्ज्ञांचा ढोबळ हिशेब असा: फ्लोचे लिटर गुणिले गॅसचे टक्के गुणिले तीन, की तासाला किती मिलिलिटर औषध उडालं ते कळतं. सेव्होफ्लुरेन २ टक्के आणि फ्लो ६ लिटर असेल तर तासाला ३६ मिलिलिटर. २५० मिलिलिटरची बाटली सात तासांत रिकामी! फ्लो १ लिटर केला तर टक्के थोडे वाढवावे लागतात, समजा ३. तरी तासाला ९ मिलिलिटरच. बाटली सत्तावीस तासांहून जास्त चालते. शिवाय सिलिंडरमधून येणारा कोरडा, गार गॅस फुफ्फुसात जाण्याऐवजी पेशंटला स्वतःचीच ऊबदार, दमट हवा परत मिळते. चुन्याच्या रासायनिक क्रियेतूनही थोडी उष्णता आणि पाणी तयार होतं, तो बोनस.

मग त्या १४० किलोंचं काय?

भुलेच्या गॅसचं प्रमाण वजनावर ठरतच नाही, वयावर ठरतं. म्हातारपणी कमी लागतं, तरुणपणी जास्त. किलोंचा काटा त्यात येत नाही. सेव्होफ्लुरेन चरबीत विरघळतं हे खरं, पण चरबीला रक्तपुरवठा तुलनेने कमी, त्यामुळे ती भरायला तासन्‌तास लागतात. दीड-दोन तासांच्या ऑपरेशनमध्ये त्याचा बाऊ करण्याइतका फरक पडत नाही. इंजेक्शनच्या औषधांतही काहींचा डोस चरबी वगळून धरलेल्या वजनावर काढतात. म्हणजे वजन दुप्पट तर भूल दुप्पट, हे काही खरं नाही.

एक भानगड मात्र या ऑपरेशनचीच. दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. तो रक्तात शिरतो आणि फुफ्फुसावाटे बाहेर पडतो. म्हणजे चुन्याच्या डब्याला दुप्पट ओव्हरटाइम! "मी गप्पा मारत असले तरी माझा एक डोळा या डब्यावर असतो," मॅडम म्हणाल्या.

आणि इथेच या पद्धतीची मेख आहे. फ्लो कमी केला की डायलवरचा आकडा आणि पेशंटच्या श्वासातला आकडा एक राहत नाही. शरीराला मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागतो, अतिस्थूल माणसाला त्याहून जास्त. ताज्या गॅसमध्ये तेवढा नसेल तर नळ्यांमधला ऑक्सिजन हळूहळू, गुपचूप घसरत जातो. त्यामुळे श्वासातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि भुलेचा गॅस सतत मोजणारा मॉनिटर नसेल तर लो-फ्लोच्या वाटेला जाऊ नये. जुन्या बॉईल्स मशीनवर, गळक्या नळ्यांसह बचतीसाठी हा प्रयोग कुणी करत असेल तर माझ्या मते तो काटकसरीचा नाही, जुगाराचा प्रकार आहे. आणि खरं सांगायचं तर लो-फ्लोचा सगळ्यात मोठा लाभार्थी पेशंट नाहीच. हॉस्पिटलचा खर्च आणि बाहेरची हवा, हे दोघे. पेशंटला मिळते ती ऊब, ओलावा आणि डोळ्यात तेल घालून बसलेला एक भूलतज्ज्ञ.

सेव्होफ्लुरेन आणि चुना एकत्र आले की 'कंपाउंड ए' नावाचं रसायन थोडंसं तयार होतं. उंदरांच्या किडनीला त्याने इजा झाली, म्हणून अमेरिकेत औषधाच्या लेबलवर १ लिटरच्या खाली जाऊ नका असा सल्ला आला. माणसांत तशी इजा दिसलेली नाही आणि नव्या प्रकारच्या चुन्यात ते रसायन जवळपास तयारच होत नाही. तरी १ लिटरवर थांबणारे बरेच आहेत. मॅडमही त्यातल्याच.

हवेचं म्हणाल तर वर्षानुवर्षं वजनदार पेशंटसाठी भूलतज्ज्ञांचा लाडका गॅस होता डेस्फ्लुरेन. चरबीत कमी विरघळतो, झटकन उतरतो. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापदायक! स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो बंद केला, आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय कारणाने अगदी अडलं तरच वापरायची मुभा आहे. जाग यायला सेव्होफ्लुरेनपेक्षा काही मिनिटं कमी लागतात, एवढ्यासाठी हा सौदा महागच.

ऑपरेशन संपायच्या थोडं आधी मॅडमनी गॅस बंद केला, पण फ्लो तसाच कमी ठेवला. सिग्नलच्या आधीच अॅक्सिलरेटर सोडून स्कूटर घरंगळत नेणारे पुणेकर आठवले मला! शेवटचा टाका पडला तसा फ्लो एकदम वाढवून शुद्ध ऑक्सिजन. स्नायू सैल करणाऱ्या औषधावरचा उतारा. हाक मारल्यावर डोळे उघडले, मान पाच सेकंद उचलून धरली, मग नळी निघाली. लगेच पुन्हा अर्धवट बसवलं आणि रात्री घोरणाऱ्यांसाठीचं सीपॅप मशीन खाटेशी आणून ठेवलं. कारण स्लीप अॅप्नियावाल्यांची पहिली रात्र जागत्या नजरेखालीच काढायची असते.

तुमची किंवा घरातल्या कुणाची अशी सर्जरी ठरत असेल तर सर्जनच्या केबिनमधून निघताना भूलतज्ज्ञांची वेगळी अपॉइंटमेंट मागा. माझ्या डोक्याशी शेवटपर्यंत कोण बसणार? मॉनिटर गॅस मोजतो का? रात्री ऑक्सिजनचा आकडा कोण बघणार? बेधडक विचारा. त्यांनी विचारलं तर घोरणं, सिगरेट, गुटखा, सगळं सांगा. आणि ते आठवड्याचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, त्याची तारीख लिहूनच घेऊन जा.