एमडी : नशा दोन-तीन तासांची, किंमत मोजतं अख्खं घर

७ ऑक्टोबर २०२० रोजी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरातल्या शेलपिंपळगावजवळ सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडलं. त्याची किंमत सांगितली गेली २० कोटी रुपये. हा माल रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तयार झाल्याचं पुढे तपासात समोर आलं. पोरांच्या भाषेत यालाच 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' म्हणतात.

पोलिसांच्या या आकड्याने हिशेब केला तर एक ग्रॅम पडतो दहा हजार रुपयांना. गल्लीत भाव कमी-जास्त होतो, पण कंत्राटी कामगाराचा पगार अशा किती पुड्यांना पुरणार?

शरीरात काय होतं?

एमडी ही कारखान्यात रसायनांपासून बनणारी उत्तेजक पावडर आहे. घेतल्यावर झोप उडते, भूक मरते, अंगात ताकद आल्यासारखं वाटतं. रात्रपाळी काढण्यासाठी किंवा दोस्तांच्या आग्रहाखातर 'एकदाच' घेणाऱ्याला म्हणूनच ती कामाची वाटते. पण दोन-तीन तासांत असर उतरतो, मन खचतं आणि पुन्हा घ्यावीशी वाटते. हळूहळू आधीच्या मात्रेने भागेनासं होतं.

महिनोन्‌महिने घेतल्यावर वजन घटतं. नाकाच्या आतलं नाजूक आवरण झिजतं. छातीत धडधड होते, रक्तदाब वाढतो. काहींना सतत संशय येतो, कानात आवाज ऐकू येतात. नशा सुटल्यावरही उदासी आणि निद्रानाश बराच काळ पाठ सोडत नाहीत. एकच सुई अनेकांनी वापरली तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचा धोका वेगळाच.

घरावर काय बेततं?

आधी कामावर दांड्या सुरू होतात. कंत्राटी कामगाराला कामावरून कमी करायला वेळ लागत नाही. मग मोबाईल विकला जातो, गाडीचा हप्ता थकतो, अम्मीचे दागिने गहाण पडतात, बहिणीच्या लग्नासाठी लावलेली भिशी मोडते. मशिनवर हात चालवणाऱ्याचं लक्ष क्षणभर उडालं तर बोटंही जाऊ शकतात.

२०१५ पासून मेफेड्रोन एनडीपीएस कायद्याखाली आहे. ५० ग्रॅमपेक्षा जास्त माल सापडला तर किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. 'फक्त पुडी पोहोचव' म्हणणाऱ्याच्या नादी लागलेल्या पोराला हे कुणी सांगत नाही.

लपवल्याने काय होतं?

सगळ्यात महाग पडतं ते लपवणं. 'लोक काय म्हणतील', 'रिश्ता येणार नाही' म्हणून घरचे गप्प बसतात. काही जण पोराला गावी पाठवतात, काही खोलीत कोंडतात. तोवर आजार मुरतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार, बेकायदा ड्रग्जच्या आहारी गेलेल्या दर २० जणांपैकी फक्त एकाला कधीतरी दाखल होऊन उपचार मिळाले होते.

पोलिसांच्या भीतीनेही अनेकजण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. पण त्याच एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं.

आपल्याकडे नशा हराम आहे, हे प्रत्येक मूल ऐकतच मोठं होतं. पण अडकलेल्या पोराला नुसता फतवा ऐकवून तो सुटत नाही. दुआ जरूर करा, सोबत डॉक्टरही गाठा. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतंय. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी नंबर मोफत आहेत. मशिदीच्या नोटीस बोर्डावर हे दोन नंबर लावले, तर कुणाच्या तरी अम्मीला कुणालाही न विचारता ते मिळतील.