पंखे बंद केल्यावर

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत मुलांसाठी अधूनमधून सिनेमा लावतो. प्रोजेक्टरचं काम माझ्याकडे. यंदा जूनमध्ये 'किल्ला' लावायचा ठरवला आणि तयारीला दुपारी चारलाच लागलो, कारण या सिनेमाला अंधार खरा लागतो.

अविनाश अरुण यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. कॅमेराही त्यांचाच. कोकणातला पावसाळी उजेड, ओला जांभा, किल्ल्याच्या आतला काळोख. स्वस्त प्रोजेक्टर काळ्याची राख करतो, त्यातून खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत आला की संपलंच. म्हणून खिडक्यांना काळं कापड लावलं, फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या.

मग आवाज. एक तुकडा लावून मागच्या भिंतीपाशी उभा राहिलो. पडद्यावर आई काहीतरी विचारतेय, तिचा मुलगा चिनू गप्प. आणि वर सहा पंख्यांची घरघर. मारामारीच्या सिनेमाला पंखे चालतात, इथे नाही. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुणं सोडून आलेला हा अकरा वर्षांचा मुलगा दुःखाबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याचं गप्प बसणं ऐकू आलं पाहिजे. रात्री आठला सुरू करायचं आणि पंखे बंद ठेवायचे, असं ठरवलं. उकडलं तर उकडलं.

मी नऊ वर्षांचा असताना माझे वडील गेले. घरी येणारा प्रत्येक जण पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "आता आईला तूच." मला काय होतंय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. अर्चित देवधरचा चिनू पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो न सांगता येणारा भाग मला कुणीतरी समोर मांडून दाखवला. अमृता सुभाष यांनी साकारलेली आईसुद्धा तशीच, नव्या कचेरीत, नव्या गावात एकटी. दोघं एका घरात, आणि दोघांचं दुःख वेगवेगळ्या खोल्यांत. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली या चित्रपटाला क्रिस्टल बेअर मिळालं, ते मुलांच्या परीक्षक मंडळाने दिलं होतं. मला तो मान फार मोठा वाटतो.

आठला पंचवीसेक मुलं सतरंजीवर बसली. बऱ्याच जणांचे बाबा चाकणला सेकंड शिफ्टला, कंपनीची बस मध्यरात्रीनंतर सोडणार. सिनेमातल्या बंड्याच्या उचापतींवर हशा पिकला. मग सायकली किल्ल्याकडे निघाल्या, चिनू आत रेंगाळला, पाऊस आला, आणि बाहेर येऊन बघतो तर मित्र नाहीत. मी मागे उभा होतो. चिप्सच्या पिशवीचासुद्धा आवाज नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने भावाचा शर्ट मुठीत धरला होता.

सिनेमा संपल्यावर दिवे लगेच लावले नाहीत. मुलं पांगली, एक सात-आठ वर्षांचा मुलगा माझ्यासोबत काळं कापड काढायला थांबला. घडी घालता घालता त्याने विचारलं, "काका, ते त्याला तिथेच सोडून का गेले?"

"पाऊस आला ना," मी म्हणालो.

"पण सांगून जायचं ना."

मला उत्तर सुचलं नाही. प्रोजेक्टर थंड होईपर्यंत त्याची वायर काढायची नसते. आतला छोटा पंखा थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.