तीन मालकांनी 'नको' म्हटलं आणि २५ वर्षांचे सायकल ट्रेल बंद झाले. खासगी जमिनीवरची वाट टिकते कशी?

डिसेंबर २०१९. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट बर्क या छोट्या गावातून एक बातमी आली आणि माउंटन बायकिंग करणाऱ्यांच्या जगात खळबळ उडाली.

गावालगतच्या डार्लिंग हिल या टेकडीवर एकमेकांना लागून जमिनी असलेल्या तीन मालकांनी सांगितलं की, आता आमच्या जमिनीवर माउंटन बाइक चालणार नाहीत. ना कोर्टाचा आदेश, ना सरकारी बंदी. मालकांनी परवानगी काढून घेतली, विषय संपला.

पण ज्या वाटांवर हजारो लोक इतकी वर्षं सायकल चालवत होते, त्या अशा बंद करता येतात का? तर हो, येतात. आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

हे नेमकं प्रकरण काय होतं?

ईस्ट बर्कमध्ये 'किंग्डम ट्रेल्स' नावाची एक ना-नफा संस्था आहे. १९९४ साली ती स्थापन झाली. त्या काळात या भागात रोजगार फारसे नव्हते. जंगलात, कुरणांत पायवाटा होत्या. त्या जोडून सायकलसाठी जाळं उभं केलं तर बाहेरचे लोक येतील आणि गावात चार पैसे येतील, असा साधा हिशोब होता.

तो हिशोब जमला. ट्रेलचं जाळं १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या पुढे गेलं. वर्षाकाठी लाखाहून जास्त भेटी नोंदल्या जाऊ लागल्या. कॅफे, सायकलची दुकानं, राहायच्या खोल्या, सगळं यावर चालू लागलं.

गंमत म्हणजे, हे जाळं बहुतांश खासगी जमिनीवर आहे. सुमारे शंभर मालकांनी आपापल्या जमिनीतून वाट दिलेली. सायकलस्वार पास काढतात, पण ते पैसे संस्थेकडे जातात आणि ट्रेलच्या देखभालीवर खर्च होतात. मालक वाट देण्याचे पैसे घेत नाहीत.

मग बिनसलं कुठे?

बर्कची लोकसंख्या दोन हजारसुद्धा नाही. तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागली की काय होत असेल, याचा अंदाज लोणावळ्यातल्या किंवा महाबळेश्वरातल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

गर्दी वाढली तशा तक्रारीही वाढल्या. रस्ता अडवून चालणारे घोळके, स्थानिकांशी उद्धट बोलणं, घोडेस्वारांशी होणारे खटके. माघार घेणारे मालक फक्त तीन होते, पण त्यांच्या जमिनी जाळ्याच्या मधोमध होत्या. त्यामुळे काही गाजलेले ट्रेल गेलेच, शिवाय उरलेल्या भागांना जोडणाऱ्या वाटाही तुटल्या.

२५ वर्षं वापर झाला, मग हक्क नाही का लागत?

आपल्याकडे शेतातल्या रस्त्याचे वाद पाहिलेल्या कुणालाही 'वहिवाट' हा शब्द माहीत असतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार, एखादी वाट २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरली तर तिच्यावर हक्क सांगता येतो.

इथे 'हक्काने' हा शब्द महत्त्वाचा. मालकाच्या परवानगीने केलेला वापर वहिवाट ठरत नाही.

व्हरमाँटच्या कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलंय. मालकाने मोबदला न घेता लोकांना मनोरंजनासाठी जमीन वापरू दिली, तर त्यातून कुणालाही कायमचा हक्क मिळत नाही. शिवाय कुणी पडलं, हात मोडला, तर एरवी मालकाची जबाबदारी नसते. त्याने जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे धोका निर्माण केला असेल तरच ती येते. थोड्याफार फरकाने असे कायदे अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत आहेत.

वरवर पाहता हे सायकलस्वारांच्या विरोधात वाटतं. पण उलटा विचार करून पाहा. 'आज वाट दिली तर उद्या जमीन अडकेल' किंवा 'कुणी पडलं तर माझ्यावर दावा ठोकेल' अशी भीती असेल, तर कुठला मालक वाट देईल? परवानगी कधीही काढून घेता येते, म्हणूनच ती सहज दिली जाते.

याच व्हरमाँटच्या १७७७ च्या संविधानात कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकार करायची मोकळीक दिली आहे. सायकलसाठी असं काहीच नाही.

मग वाट टिकवायची कशी?

पहिला मार्ग म्हणजे लेखी करार. तोंडी परवानगी मालक बदलला की संपते. जमीन विकली गेली किंवा मुलांच्या नावावर झाली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. करारात मुदत आणि देखभाल कुणी करायची हे ठरलेलं असतं.

दुसरा मार्ग, वाटेचा कायमचा हक्क दस्तावर नोंदवून घेणं. मग जमीन कुणीही विकत घेतली तरी वाट राहते. मात्र यासाठी मालकाने स्वतःहून तयार व्हायला लागतं आणि अनेकदा पैसेही मोजावे लागतात.

तिसरा मार्ग, जमीनच विकत घेणं. २००३ साली 'न्यू इंग्लंड माउंटन बाइक असोसिएशन'ने मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्ड इथे 'व्हिएतनाम' नावाने ओळखली जाणारी ४७ एकर जमीन घेतली. पण शंभर मालकांची जमीन विकत घेणं कुठल्याच संस्थेला परवडणारं नाही.

चौथा मार्ग कायद्याचा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक जमिनींवर पायी आणि सायकलने जायचा हक्क दिला. अट एकच, जबाबदारीने वागायचं. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र घोडवाटांवर सायकलचा हक्क आहे, पायवाटांवर नाही.

शेवटी प्रश्न वागण्याचाच

ईस्ट बर्कच्या बाबतीत कायदा मालकांच्या बाजूने होता आणि विमा, दावे वगैरेंमुळे हे घडलंही नव्हतं. लोक कसे वागतात, यावरून घडलं होतं. त्यामुळे पुढे संस्थेने भर दिला तो सायकलस्वारांना समजावण्यावर. ही जमीन कुणाच्या तरी घरची आहे, कृतज्ञतेने चालवा, असा तो संदेश.

म्हणजे करायचं काय, तर घोडा दिसला की थांबायचं. पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. चिखलात सायकल घालायची नाही, कारण पडलेली चाकोरी सुकली की तशीच राहते. मालकाला न विचारता नवी वाट पाडायची नाही आणि अशा वाटेचा नकाशा ॲपवर टाकायचा नाही, कारण पुढच्या शनिवारी तिथे पन्नास जण हजर होतात.

उरलेल्या मालकांनी त्या डिसेंबरनंतरही आपल्या वाटा खुल्या ठेवल्या. त्यांना तसं करायची सक्ती तेव्हाही नव्हती.